भिंतीपलीकडची मॅच

वृंदाताई मला पहिल्यांदा भेटली ती तक्रार घेऊन. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली गावी ज्या हायस्कूलमध्ये मी ग्रंथपाल आहे, तिथे ग्रंथालय आणि जिम यांच्यामध्ये एकच भिंत आहे. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवरून कपाटांकडे नेत होते. तेवढ्यात दार ढकलून एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई आत आली. गळ्यात हेडफोन, केस घट्ट बांधलेले. पलीकडून रेडिओचं प्रक्षेपण चालू आहे आणि तुमच्या ट्रॉलीची चाकं श्रोत्यांना ऐकू जातायत, असं तिने नीट, सभ्य इंग्रजीत सांगितलं. मग तिची नजर माझ्या नावाच्या पट्टीवर गेली आणि आवाज एकदम घरचा झाला.

"मंजिरी नं? मग मराठीतच सांगते. तेल घाल बाप्पा तिला. ऑन एअर येऊन राहिली तुझी ट्रॉली."

मी काही बोलायच्या आत ती परत गेलीही. हाफटाइम संपत आला होता. मी ट्रॉली तिथेच सोडली आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसून ऐकत राहिले. बास्केटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. पण भिंतीतून येणाऱ्या त्या आवाजावरून मला अख्खं मैदान दिसलं. कोण कुठे उभी आहे, कोण दमली आहे, कोण चिडली आहे पण दाखवत नाही. चांगलं पुस्तक वाचताना होतं तसंच काहीसं झालं.

ती नागपूरची. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेली, गुडघ्याने दगा दिल्यावर थांबलेली. नवरा हेमंत इथल्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. दिवसा ती एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असायची आणि शुक्रवारी संध्याकाळ व्हायच्या आधी, इथले लोक ज्याला आर्वो म्हणतात त्या वेळी, गावच्या कम्युनिटी रेडिओवर हायस्कूलच्या मुलींच्या मॅचेसची कॉमेंट्री करायची. बिनपगारी. हे काम तिला कोणी दिलेलं नव्हतं. रेडिओवर पुरुषांचं फुटबॉल होतं, मुलांचं क्रिकेट होतं, कुत्र्यांच्या शर्यतीसुद्धा होत्या. मुलींचं कोण करतं, हे विचारायला ती स्टेशनवर गेली. मॅनेजर ट्रेव्हर म्हणाला, कोणी नाही, कारण कोणी ऐकणार नाही. "मग मी बिघडवलं तरी कोणाला कळणार?" असं म्हणून ती माइकसमोर बसली, ती कित्येक सीझन उठली नाही.

तिची एक पद्धत होती. मॅचच्या आधी दोन्ही टीममधल्या प्रत्येक मुलीकडे जायचं आणि तिचं नाव तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं. छापलेल्या यादीवर तिचा विश्वास नव्हता. स्वतःच्या नावाचे या गावात होणारे हाल तिने सोसले होते. शेवटी लोक तिला नुसतं 'व्ही' म्हणू लागले आणि तिने ते चालवून घेतलं. "माझं जाऊ दे. पण ह्या पोरींच्या मायबापानं त्यांचं नाव रेडिओवर पहिल्यांदा ऐकायचं, ते तरी धड पाहिजे." आणि एकदा विचारलेलं नाव मॅचमध्ये यायचंच. बेंचवरून न उठलेल्या मुलीचंसुद्धा.

जेड नावाची एक उंच, लाजाळू मुलगी होती. तिला सीझनभरात जेमतेम काही मिनिटं खेळायला मिळायची. तिचे वडील दूर उत्तरेकडच्या खाणीवर, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. एका मॅचमध्ये वृंदाताईने एवढंच सांगितलं, की जेड बेंचवर आहे, तिने बुटाची लेस सोडून दुसऱ्यांदा बांधली आणि ती कोचकडे बघते आहे. पुढच्या आठवड्यात जेडचे वडील क्लिनिकमध्ये आले. अपॉइंटमेंट नव्हती. काउंटरपाशी उभं राहून म्हणाले की लहानपणापासून घाबरली की ती लेस बांधत बसते, आणि टोपी सारखी करून निघून गेले. हे मला सांगताना वृंदाताई हसत नव्हती. म्हणाली, "पाहिलंस? तो माणूस मेसमध्ये बसून मोबाइलवर ऐकून राहिला होता. अन् ट्रेव्हर म्हणे कोणी ऐकत नाही."

पुढे मी तिच्या शेजारी बसून गुण लिहू लागले. मला ती 'लायब्ररी' म्हणायची. ए लायब्ररी, पाच नंबरला फाउल किती झाले? ए लायब्ररी, तोंड मिटून बस, तुझा सुस्कारा माइकमध्ये येतो. मी एकदा विचारलं की हे सगळं तुला सुचतं कसं. ती म्हणाली, सुचायचा प्रश्नच नाही. "पहिले चेंडू कुठं आहे ते सांगायचं. मग कोणाकडं आहे. तुला कसं वाटलं ते सगळ्यात शेवटी, अन् तेही वेळ उरला तर." स्कोअर मात्र ती सारखा सांगायची. तिच्या मते कोणीतरी नेहमी आत्ताच रेडिओ लावलेला असतो, आणि आपण उशिरा आलो असं त्या माणसाला वाटता कामा नये. घरीही तिला हीच खोड. त्यांच्याकडे जेवायला गेलं की स्वयंपाकघरातून ऐकू यायचं: हेमंत डाव्या बाजूने, हातात कांदा, सुरी बोथट, बचाव कच्चा, आणि कांदा खाली. हेमंत शांतपणे कांदा उचलून धुवायचा.

मग तिचे वडील नागपुरात पडले. मांडीचं हाड मोडलं. ती तीन आठवड्यांसाठी म्हणून गेली आणि ती तिथे असतानाच करोना आला आणि ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली.

पुढचं वर्षभर काय झालं ते त्या काळात इथे राहिलेल्या प्रत्येक घराला माहीत आहे. विमानं रद्द होत, तिकिटं पुढे ढकलली जात, देशाने दर आठवड्याला किती माणसांना आत घ्यायचं ते ठरवलेलं असे आणि त्या माणसांत वृंदाताई कधी नसे. इथे पश्चिम ऑस्ट्रेलियात आम्ही सुरक्षित होतो. बाजार उघडे, बार्बेक्यू चालू. लोक अभिमानाने सांगत की आपल्या राज्याने सीमा बंद ठेवल्या म्हणून आपण वाचलो. हेमंत या बोलण्यात मान हलवायचा आणि घरी जाऊन एकट्यासाठी खिचडी टाकायचा.

दुसऱ्या वर्षी शाळांच्या मॅचेस सुरू झाल्या. तेवढ्यात पर्थला काही रुग्ण सापडले, आणि आमच्या मुख्याध्यापकांनी खबरदारी म्हणून जिममध्ये प्रेक्षकांना बंदी केली. मुली, कोच, पंच आणि शाळेचे एखाददोन कर्मचारी, एवढेच आत. आईवडील बाहेर कारपार्कमध्ये. मी हे वृंदाताईला फोनवर सहज सांगितलं. ती म्हणाली, "तू तर आत असशील नं?"

बेत तिचाच. मी जिमच्या वरच्या पायरीवर ग्रंथालयातलं पुस्तक ठेवायचं स्टँड ठेवायचं, त्यावर फोन, आणि तिला व्हिडिओ कॉल लावायचा. ती नागपुरात खोलीचं दार लावून पडद्यावर मॅच बघणार आणि दुसऱ्या फोनवरून स्टेशनला जोडलेली राहून बोलणार. चित्र अडकलं तर मी कानात सांगणार. मुलींचं चित्रण बाहेर कोणालाही पाठवायला शाळेची परवानगी नव्हती, रेडिओसाठी म्हणून तेवढी एकट्या वृंदाताईला मिळाली. ट्रेव्हरला मी विचारलं. तो म्हणाला, नो वरीज.

तो पहिला शुक्रवार मी विसरणार नाही. हाफटाइमला मी बाहेर डोकावले. कारपार्कमध्ये गाड्या ओळीने उभ्या, काचा खाली, सगळ्यांत रेडिओ चालू. आईबाप स्टिअरिंगमागे बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीतून बेंचवरच्या मुलींचा जल्लोष आधी यायचा, आणि मग दोन-तीन क्षणांनी नागपूरला जाऊन परत आलेलं वाक्य रेडिओवर यायचं. तेवढे क्षण सगळ्या गाड्या श्वास धरून असायच्या. आपली मुलगी वीस पावलांवर खेळते आहे, आणि तिने बास्केट केली हे त्यांना समुद्रापलीकडून कळत होतं.

ती कुठे आहे हे ती लपवत नव्हती. कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. तिसऱ्या मॅचला ते आपोआप कळलं. तिसरा क्वार्टर, स्कोअर बरोबरीत, आणि रेडिओवर शिट्टी वाजली. लांब, जोरदार. कारपार्कमध्ये एक आई गाडीतून उतरली म्हणे, फाउल कोणाचा ते विचारायला. आणि वृंदाताई त्याच सुरात म्हणाली की मंडळी, ही शिट्टी पंचांची नाही, माझ्या वहिनीच्या कुकरची आहे, मी नागपुरात आहे, इथे दुपारचे दीड वाजलेत आणि तुरीची डाळ शिजते आहे. स्कोअर अजून बरोबरीतच आहे. बाहेर गाड्यांनी हॉर्न वाजवले. सोमवारी मुली ग्रंथालयात येऊन मला डाळ म्हणजे काय ते विचारून गेल्या. ट्रेव्हर दोन दिवस खूश होता.

नंतर एका श्रोत्याचा स्टेशनला फोन आला. त्याचं म्हणणं ट्रेव्हरने मला जसंच्या तसं सांगितलं: हे आपल्या गावचं रेडिओ स्टेशन आहे, कॉल सेंटर नाही. फोन करणारा माणूस कोण, हेही सांगितलं. त्याची मुलगी आमच्याच टीममध्ये होती. वृंदाताईने त्या मुलीचं नाव तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं, कारण त्यातलं मधलं अक्षर तिला नीट जमत नव्हतं.

एप्रिल महिना पुढे सरकला तसा तिच्या आवाजामागे दुसरा आवाज येऊ लागला. अँब्युलन्सचा. आधी ती तो जाईपर्यंत थांबायची, मग चेंडू कुठे आहे ते सांगायची. दोन आठवड्यांनी तिने थांबणं सोडून दिलं, कारण थांबायला मधे जागाच राहिली नव्हती. खालच्या मजल्यावरचे काका गेले, भावाच्या ऑफिसातली दोन माणसं गेली. फोनवर मी विचारलं की मॅच राहू दे का या वेळी. तिने मला झापलं. दिवसभर ह्या घरात एकच विषय असतो, निदान दीड तास तरी मला दुसरं काही बघू दे, म्हणाली.

आणि त्याच सुमारास आमच्या सरकारने जाहीर केलं की भारतातून कोणी येता कामा नये. इथलं नागरिक असलं तरी. आलं तर दंड, तुरुंग. सकाळी बातमी ऐकून मी तिला फोन केला.

"म्हणजे मी माझ्या घरी आली तर मला जेलमध्ये टाकून राहिले?" ती म्हणाली. "कोणत्या जेलमध्ये गं? कालगुर्लीचंच देतील का? बरंच आहे, मॅचला जवळ पडेल."

मी हसले. ती हसली नाही.

फायनलच्या आदल्या सोमवारी ट्रेव्हर ग्रंथालयात आला. लहान मुलांच्या खुर्चीत बसला, तिच्यात तो मावत नव्हता. स्टेशनच्या कमिटीने ठरवलंय, म्हणाला. गावच्या स्टेशनला गावचा आवाज हवा. शिवाय तिच्यावर तिकडे इतकं गुदरतंय, तिला विश्रांती मिळेल, तिच्या भल्यासाठीच आहे. मी विचारलं, तिने विश्रांती मागितली का? तो म्हणाला, हे मी ठरवलेलं नाही, मेट. मग फायनल कोण करणार? कोणी नाही. मुलींना ओळखणारं दुसरं कोणी नव्हतं. त्या वेळात गाणी लावणार होते. तू सांगशील का तिला, असं त्याने मला विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने ईमेल पाठवला.

ट्रेव्हर वाईट माणूस नव्हता. हे मला आजही लिहावं लागतं, आणि लिहिताना बरं वाटत नाही. वाईट माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

रात्री तिचा फोन आला. एवढंच म्हणाली, "मला विश्रांती पाहिजे असं मी कोणाला म्हटलं होतं का गं?" मग म्हणाली, "शुक्रवारी तू कॉल लावशील नं?" रेडिओवर जाणार नाही, हे तिला माहीत होतं. मी तेच परत सांगितलं, बहुधा तिला त्रास नको म्हणून, म्हणजे ट्रेव्हरसारखंच.

"मॅच तर होऊनच राहिली नं?" ती म्हणाली. "मग कोणीतरी सांगायला नको?"

फायनल एस्परन्स गावाहून आलेल्या टीमशी होती. स्टेशन नाही म्हटल्यावर शाळेची परवानगीही उरली नव्हती. मी स्टँड ठेवलं आणि त्यावर फोन ठेवला. मला कोणी काही विचारलं नाही. शांत माणसांना सहसा विचारत नाहीत. वृंदाताईने तिच्या बाजूचा कॅमेरा बंद ठेवला होता. अंग जरा दुखून राहिलंय, बाकी काही नाही, म्हणाली. भाऊ आणि वहिनी दोघंही तापाने आडवे होते.

ती सुरुवातीपासून बोलली. नमस्कार केला, दोन्ही टीम सांगितल्या, कोर्ट सांगितलं, जिमच्या वरच्या खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा कुठे पडलाय आणि तो कोणत्या बास्केटला त्रास देणार, तेही सांगितलं. सगळं इंग्रजीत, नेहमीच्या पट्टीत, जणू गावभर रेडिओ लागले आहेत. कानात इअरफोन घालून ऐकणारी मी एकटी. आत्ताच आलेल्यांसाठी तिने स्कोअर सांगितला, आणि थोड्या वेळाने परत सांगितला. दुसऱ्या क्वार्टरपासून वाक्यं आखूड झाली. आधी मत गेलं, मग विशेषणं गेली. चेंडू कुठे, कोणाकडे, एवढंच उरलं, आणि मधे श्वास. मी हळूच म्हटलं, वृंदाताई, बस कर. ती तशीच पुढे म्हणाली, चेंडू डाव्या कोपऱ्यात, जेडकडे.

जेडला त्या दिवशी शेवटचा पूर्ण क्वार्टर खेळायला मिळाला. तिने दोन बास्केट केल्या. आमची टीम तीन गुणांनी हरली.

शेवटची शिट्टी वाजल्यावर वृंदाताईने हरलेल्या टीममधल्या सगळ्या मुलींची नावं घेतली, मग जिंकलेल्या. ऐकणाऱ्यांचे आभार मानले. मग मराठीत म्हणाली, "ए लायब्ररी, बाहेर गाड्या आहेत का गं?" मी म्हटलं, आहेत. "सगळ्या?" सगळ्या. ती म्हणाली, बरं, आता पाणी पिते, आणि फोन ठेवला.

मी बाहेर आले. गाड्यांमधून कंट्री गाणी चालू होती, प्रत्येक गाडीत तेच गाणं. एका काचेतून तो माणूस बाहेर वाकला, स्टेशनला फोन करणारा. त्याने विचारलं, कोण जिंकलं, आणि माझी मुलगी कशी खेळली? मी सांगितलं. मुलगी चांगली खेळली, असंही मी म्हटलं. रेडिओवर का नव्हती ही मॅच, असं तो विचारत होता. मनापासून विचारत होता. कदाचित त्याला दोन गोष्टींचा संबंधच लक्षात आला नसेल. मी त्याला तो लक्षात आणून दिला नाही.

पुढच्या आठवड्यात वृंदाताईला बेड मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा उशीर झाला होता. भाऊ, वहिनी, म्हातारे वडील, तिघंही वाचले. हेमंतने तिचं जाणं आणि अंत्यसंस्कार, सगळं फोनवर पाहिलं. भारतातून यायची बंदी उठल्याची बातमी आली तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. त्याने टीव्ही बंद केला नाही, आवाजही कमी केला नाही. शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "आता येता येईल म्हणतायत."

नंतर ट्रेव्हरचा फोन आला. तो रडत होता, खरंच रडत होता. स्टेशन तिच्या नावाने चषक ठेवणार, मुलींच्या फायनलला देणार. दोन मिनिटं तू तिच्यावर रेडिओवर बोलशील का, असं त्याने विचारलं. मी हेमंतला विचारलं. तो म्हणाला, "जायचं तर जा. ती बोलत होती तेव्हा त्यांना नको होतं, आता तू बोलून काय होणार आहे?" मी गेले नाही.

चषक मात्र आहे, आणि तो चांगला आहे. दरवर्षी फायनलनंतर ट्रेव्हर येतो, तिचं नाव घेतो, टाळ्या होतात. प्रेक्षकही आता आत असतात. यंदा आमची टीम जिंकली. चषक ठेवायचं काचेचं कपाट ग्रंथालयाच्या दाराजवळ आहे, म्हणून तो ठेवायला कॅप्टन माझ्याकडे किल्ली मागायला आली. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, अजून घामाने भिजलेली. चषकावरचं नाव वाचून तिने मला विचारलं, ही कोण होती.

मी म्हटलं, ही तुमच्या मॅचेस रेडिओवर सांगायची.

मी थट्टा करते आहे का, ते बघायला तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आमच्या?" ती म्हणाली. "मुलींच्या मॅचेस रेडिओवर असायच्या?"